पंचेचाळीसशे डॉलरचा वाटाड्या

गेले तीन वीकेंड मी एकाच प्रश्नाशी झटतोय. प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. पंचेचाळीसशे डॉलर द्यायचे की नाहीत?

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. पुण्यात इंजिनीअरिंग केलं, तिथेच नोकरीला लागलो, मग कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं. गेली दोन वर्षं ऑफिसात एक वेगळंच काम गळ्यात पडलंय. आमच्या टीमने काही नवीन केलं की कंपनीचे पेटंट वकील येतात आणि त्यांना ते समजावून द्यायला मला बसवतात. सुरुवातीला वैताग यायचा, मग चक्क मजा यायला लागली. एका वाक्यात 'आणि'च्या जागी 'किंवा' आलं की अख्ख्या दाव्याची हद्द कशी बदलते ते बघताना कोड रिव्ह्यूचीच आठवण व्हायची. एक दिवस घरी येऊन बायकोला म्हटलं, "मी वकील होऊ का गं?" लॅपटॉपमधून मान वर न करता ती म्हणाली, "आधी भांडी लाव. मग वकील हो."

भांडी लावली. पण डोक्यातला किडा काही गेला नाही.

अमेरिकेत पेटंट ऑफिसची परीक्षा द्यायला विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी लागते. ती पास झालं की वकिलीच्या पदवीशिवायही पेटंट एजंट म्हणून काम करता येतं. पण कोर्टात उभं राहायचं किंवा अशिलाचे करारमदार बघायचे तर जेडी हवी. दिवसाची जेडी तीन वर्षांची, संध्याकाळची साधारण चार. मला नोकरी आणि एच-१बी दोन्ही सांभाळायचंय, म्हणजे संध्याकाळचीच. फी ऐकून पोटात गोळा येतो, ते वेगळंच.

ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "अर्ज स्वतः करू नकोस. कन्सल्टंट घे. सगळे घेतात." म्हणून एकीकडे अर्ध्या तासाचा फुकट कॉल केला. बाई बोलायला लाघवी होत्या. सहा लॉ स्कूलचे अर्ज, निबंध, रेझ्युमे, सगळं मिळून पंचेचाळीसशे. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या पर्सनल स्टेटमेंटचा नमुना आराखडाही पाठवला.

गंमत इथेच झाली. माझे बाबा वाईच्या कोर्टात कारकून होते, एवढं मी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. आराखड्यात त्यांचा शिपाई झाला होता. कोर्टाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला, आत काय चाललंय ते आयुष्यात कधी न कळलेला गरीब शिपाई, आणि ते दार उघडून आत जाणारा त्याचा मुलगा. वाचून मलाच हुंदका यायचा बाकी राहिला. रविवारी फोनवर बाबांना मराठीत सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मी शिपाई कधी होतो रे? असतो तरी लाज नव्हती, पण नव्हतो. आणि आत काय चाललंय ते कळत नव्हतं म्हणे! एकतीस वर्षं रोजनामा लिहिलाय मी. भलेभले वकील तारीख विचारायला माझ्या टेबलाशी यायचे."

"बाबा, तो नुसता नमुना आहे हो."

"नमुना असू दे नाहीतर आणखी काही. खाली सही कोणाची असणार?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मला एक सवय आहे. कोडमध्ये काही विचित्र दिसलं की मी आधी त्याचा इतिहास काढतो. ही ओळ कोणी घातली, कधी, आणि त्या वेळी अडचण काय होती? निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. म्हणून ठरवलं, पैसे द्यायच्या आधी ह्या प्रवेशाच्या भानगडीचा इतिहास काढू. लॉ स्कूलच्या दारात हा वाटाड्या आला कधी आणि कशाला?

तर मंडळी, सुरुवातीला दारच नव्हतं. अब्राहम लिंकन कुठल्याही लॉ स्कूलमध्ये गेला नाही. जॉन टॉड स्टुअर्ट नावाच्या वकिलाची पुस्तकं उसनी आणून त्याने कायदा वाचला, १८३६ मध्ये सनद मिळवली आणि पुढच्याच वर्षी त्याच स्टुअर्टचा भागीदार झाला. तेव्हाची रीत हीच होती. एखाद्या वकिलाच्या हाताखाली राहायचं, कागद नकलायचे आणि वाचायचं. प्रवेश परीक्षा नाही, निबंध नाही. लागायची ती फक्त ओळख. पुस्तकं उसनी देणारा स्टुअर्ट ज्याला भेटला नाही त्याचं काय झालं, ते इतिहास सांगत नाही.

मग १८७० मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलला क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल नावाचा डीन आला. नाव बघा कसलं सॉलिड आहे. त्याने पाठांतराची व्याख्यानं बाजूला सारली आणि जुने निकाल वर्गात आणून विद्यार्थ्यांनाच उलटसुलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही केस पद्धत आजही अमेरिकेतल्या लॉ स्कूलांमध्ये चालते. कायदा हे विद्यापीठात शिकायचं शास्त्र आहे असं त्याचं म्हणणं, आणि हळूहळू इतर विद्यापीठंही त्याच वाटेने गेली. आता दार आलं. पण मला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटलं सांगू? पुढची कितीतरी वर्षं त्या दाराला चाळणी अशी नव्हतीच. चांगल्या कॉलेजची पदवी आणि फीचे पैसे असले की पुरुष माणसाला आत जायला फारशी अडचण नव्हती. चाळणी आत होती. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मोठी टोळी नापास व्हायची आणि घरी जायची. दारात वाटाड्याची गरजच काय? दार उघडंच होतं.

"पुरुष माणसाला" हे मुद्दाम लिहिलंय. हार्वर्ड लॉ स्कूलने पहिल्यांदा बायकांना प्रवेश दिला तो १९५० मध्ये. आणि दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या विद्यार्थ्यांना हे उघडं दार तोंडावर बंद होत होतं. ह्यूस्टनच्या हेमन स्वेट नावाच्या पोस्टमनची गोष्ट ह्यासाठी वाचायला हवी. १९४६ मध्ये त्याने टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अर्ज केला. त्याची पात्रता होती, फक्त रंग आडवा आला. तो कोर्टात गेल्यावर राज्याने घाईघाईने काळ्यांसाठी एक वेगळं लॉ स्कूल काढून दिलं आणि म्हटलं, घ्या, झालं ना समान? स्वेटच्या बाजूने थर्गुड मार्शल लढला आणि १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हे समान नाही. इमारत आणि पुस्तकं सोडा, पण शिक्षकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, समाजातली पत, ह्या मोजता न येणाऱ्या गोष्टींचं काय?

मोजता न येणाऱ्या गोष्टी! इथे मी वाचता वाचता थांबलो. लॉ स्कूलमध्ये आपण नुसता कायदा विकत घेत नाही, ओळखीही घेतो, हे खुद्द सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलंय. लिंकनचा स्टुअर्ट कुठे गेला नव्हता. तो इमारतीत राहायला आला होता, एवढंच.

आता चाळणी दाराशी कशी आली ते बघू. दुसरं महायुद्ध संपलं. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता आणि कॉलेजांवर झुंबड उडाली. सगळ्यांना आत घ्या आणि मग निम्मेशिम्मे घालवा, हे आता परवडेना. १९४५ मध्ये कोलंबियाच्या प्रवेश विभागाचे फ्रँक बाउल्स ह्यांनी सुचवलं की लॉ स्कूलसाठी एक सामाईक परीक्षा काढावी, आणि पहिल्या वर्षात कोण तरेल ह्याचा अंदाज आधीच घ्यावा. २८ फेब्रुवारी १९४८ ला पहिली एलएसएटी झाली. हेतू मर्यादित होता, पहिल्या वर्षाच्या गुणांचा अंदाज. माणूस चांगला वकील होईल का, न्यायी होईल का, असलं काही मोजायचा दावा नव्हता. गुण तेव्हा २०० ते ८०० मध्ये असायचे, १९९१ पासून १२० ते १८० मध्ये असतात. ऑगस्ट २०२४ पासून तर त्यातले लॉजिक गेम्सही गेले. आकृत्या काढल्याशिवाय ते सुटायचे नाहीत आणि अंध विद्यार्थ्यांवर त्यात अन्याय होतो म्हणून खटला झाला होता. निर्णय योग्यच, पण माझ्यासारख्या इंजिनीअरचा तोच एक हुकमी विषय गेला, त्याचं दुःख मला करू द्या.

चाळणी दाराशी आली की दाराशी दुकानही येतं. ब्रुकलिनमधल्या स्टॅनली कॅप्लानने १९३८ मध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या आणि पुढे प्रवेश परीक्षांच्या क्लासचं साम्राज्य उभं केलं. ह्या माणसाला स्वतः डॉक्टर व्हायचं होतं. मार्क उत्तम होते, पण मेडिकल कॉलेजांनी घेतलं नाही. ज्यू असणं आणि सरकारी कॉलेजात शिकलेलं असणं आपल्याला नडलं, असं तो सांगायचा. म्हणून त्याला प्रवेश परीक्षा आवडायची. कागदावरच्या गुणांना आडनाव नसतं! परीक्षा घेणारे म्हणायचे, क्लासने काही फरक पडत नाही. १९७० च्या दशकात सरकारी चौकशी बसली आणि थोडाफार फरक पडतो असं निघालं. कॅप्लानला फुकट जाहिरात मिळाली.

हे वाचून नाक मुरडायच्या आधी आपल्या घरात बघा. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर लोकमान्य टिळकांनी चरितार्थासाठी पुण्यात काय सुरू केलं? वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा लॉ क्लास! तेव्हा क्लास लावणं हे पाप, असं म्हणायची माझी तरी छाती नाही. टिळक कायदा शिकवत होते आणि पेपर विद्यार्थ्याचा विद्यार्थीच लिहीत होता. माझ्या मते रेघ इथे आहे. ती पुढे लागेल.

१९८७ मध्ये 'यू. एस. न्यूज'ने लॉ स्कूलांची पहिली क्रमवारी छापली आणि १९९० पासून ती दरवर्षी यायला लागली. त्यात प्रवेश घेतलेल्यांच्या एलएसएटीचा आणि कॉलेजच्या सरासरी गुणांचा मध्य धरायचे. म्हणजे जो आकडा विद्यार्थ्याला तोलायला काढला, तोच आता कॉलेजला तोलायला लागला. झालं! कॉलेजं आकड्यांच्या मागे आणि विद्यार्थी कॉलेजांच्या मागे. नोव्हेंबर २०२२ मध्ये येलने क्रमवारीला माहिती देणं बंद केलं, मागोमाग इतर मोठ्यांनीही. क्रमवारी अजूनही निघते आणि लोक अजूनही बघतात. मीही बघितली, खोटं कशाला बोलू.

शेवटचा बदल २०२३ चा. लॉ स्कूलमध्ये प्रवेश देताना वंश विचारात घ्यावा की नाही हा वाद जुना. मिशिगन लॉ स्कूलच्या २००३ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मर्यादित परवानगी दिली होती. २९ जून २०२३ ला हार्वर्डच्या खटल्यात ती संपली. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांनी एक फट ठेवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिलं आणि त्यातून त्याचं धैर्य किंवा जिद्द दिसली, तर ते लक्षात घ्यायला मनाई नाही. म्हणजे वजन आलं कुठे? निबंधावर. आणि निबंध ही अशी जागा आहे जिथे बरोबर उत्तर काय ते कोणालाच माहीत नसतं. वाटाड्याचं दुकान तिथेच सगळ्यात जोरात चालणार.

त्याच वर्षी आणखी एक मजा झाली. मिशिगन लॉ स्कूलने अर्जदारांना सांगितलं की निबंध लिहायला एआय वापरू नका. ॲरिझोना स्टेटच्या लॉ स्कूलने सांगितलं, वापरा, पण मजकूर खरा आहे असं लिहून द्या. महिन्याला वीस डॉलरचं यंत्र चालेल की नाही ह्यावर एवढा खल, आणि पंचेचाळीसशेचा माणूस? त्याच्याबद्दल बहुतेक ठिकाणी अवाक्षर नाही. ह्या धंद्याचं टोक २०१९ मध्ये दिसलंच होतं. कॉलेज प्रवेशाच्या त्या गाजलेल्या घोटाळ्यात न्यूयॉर्कच्या एका बड्या लॉ फर्मचा सहअध्यक्ष होता. मुलीच्या परीक्षेचे गुण वाढवून घ्यायला त्याने पंचाहत्तर हजार डॉलर दिले होते. एक महिना तुरुंग झाला. वकीलच तो! असो. प्रत्येक कन्सल्टंट असा नसतो हेही तितकंच खरं. मला भेटलेल्या बाईंनी बेकायदा काहीच सुचवलं नाही. त्यांनी फक्त बाबांना स्टुलावर बसवलं.

तर इतिहास काढून काय निघालं? दार कधी ओळखीचं होतं, मग पैशाचं झालं, मग आकड्याचं, आता गोष्टीचं. दर वेळी जो भाग धुकट, तिथे वाटाड्या उभा राहिला. म्हणून 'वाटाड्या घ्यावा का' हा प्रश्नच अर्धवट आहे. माझ्या वाटेवर धुकं नेमकं कुठे आहे, हा खरा प्रश्न.

कागद घेऊन बसलो आणि यादी केली.

पहिलं, माझे पुणे विद्यापीठाचे मार्क. त्यांचं अमेरिकन सरासरीत रूपांतर होतच नाही. एलएसएसी परदेशी गुणपत्रिका तपासून 'सरासरीपेक्षा वर' अशा ढोबळ शब्दांत शेरा देते. म्हणजे माझ्यासारख्याच्या अर्जात आकडा एकच, एलएसएटीचा. ह्यात कन्सल्टंट काय करणार? सकाळी उठून प्रश्न मलाच सोडवायचेत.

दुसरं, कुठली कॉलेजं? अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी माहिती जाहीर करावी लागते. किती अर्ज, किती प्रवेश, एलएसएटीचे मध्य, फी, किती जणांना किती शिष्यवृत्ती, सगळं फुकट. एका शनिवारी स्प्रेडशीट तयार झाली. आपला धंदाच तो.

तिसरं, संध्याकाळचा वर्ग आणि एच-१बी ह्यांची सांगड. हे खरं धुकं. पण ह्याचं उत्तर इमिग्रेशनचा वकील देणार, निबंधवाले नाहीत. तासाचे पैसे तिथे द्यावेत.

चौथं, निबंध.

इथे कन्सल्टंटची बाजूही मांडायला हवी. अमेरिकेत शिकलेल्या मुलांना त्यांच्या कॉलेजचा प्री-लॉ सल्लागार फुकट मिळतो. ज्याच्या घरात वकील आहे त्याला मामा-काका सांगतात. आपल्याला इथे कोण आहे? पर्सनल स्टेटमेंट म्हणजे एसओपी नव्हे, हेसुद्धा मला त्या फुकट कॉलवर कळलं, त्याबद्दल बाईंचे आभारच. ज्याला तारखा सांभाळणं जमत नाही, किंवा ज्याच्या भूतकाळात काही गुंतागुंत आहे आणि ती अर्जात कशी सांगावी कळत नाही, त्याने जरूर मदत घ्यावी. घेतली म्हणून तो लबाड होत नाही.

पण माझं ठरलं. पॅकेज घ्यायचं नाही. एलएसएसीच्या फुकट मेळाव्यांत कॉलेजांची माणसं थेट भेटतात, तिथे प्रश्न विचारणार. ऑफिसातल्या पेटंट वकिलाला मसुदा वाचायला देणार. त्याला सांगणार की जिथे कळलं नाही तिथे खूण कर, वाक्य मात्र लिहून देऊ नकोस. टिळकांच्या क्लासची रेघ हीच. शिकवा, तपासा, पण पेपर माझा मी लिहीन. आणि प्रवेश मिळाला नाही तर? ही भीती आहेच. सहा नकार आले की "पंचेचाळीसशे वाचवले आणि करिअर घालवलं" असं मन म्हणणार, हे मला आत्ताच दिसतंय. बायको म्हणते, "नकार आला तर तुला आला असं तरी म्हणता येईल. नाहीतर त्या शिपायाला आला असता." ही बाई माझ्याआधी वकील व्हायची :-)

काल रात्री निबंधाचा पहिला परिच्छेद लिहिला. वाईच्या कोर्टातला एक कारकून रोजनामा लिहितोय आणि बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतोय, कारण तोंडी सांगितलेली तारीख म्हातारा विसरतो. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायचो, तेव्हा पाहिलेलं आहे हे. करुण वगैरे काही नाही त्यात. चाळणीतून जाईल की नाही, माहीत नाही.

बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "हां, हे बरोबर आहे. फक्त 'हेड क्लार्क' असं लिही. शेवटची सहा वर्षं हेड क्लार्क होतो."

दुरुस्ती केली आहे. सही मी करणार.